यंत्राला प्रॉम्प्ट देणारे कुजबुजे

पडदा वर जातो. समोर तळघरातला एक लांब बोळ. भिंती कमरेपर्यंत हिरव्या ऑइलपेंटच्या, वर पांढऱ्या, आणि त्या पांढऱ्यावर वर्षानुवर्षं डोकी टेकून बसलेल्या माणसांचे तेलकट ठसे. लोखंडी खुर्च्यांची एक रांग. सगळ्या खुर्च्या एकाच दांडीला जखडलेल्या, त्यामुळे एकाने पाय हलवला की सगळी रांग हलते. बोळाच्या टोकाला जाडजूड दरवाजा, त्याच्या डोक्यावर लाल दिवा. उजेड ट्यूबलाइटचा. आमच्या नाटक कंपनीतल्या दिवेवाल्याने असला उजेड खलनायकाच्या मरणालासुद्धा दिला नसता. त्यात धडधाकट माणूसही आजारी दिसतो. आजारी माणसाचं तर विचारूच नका.

रंगमंचावर तीन पात्रं. मधल्या खुर्चीत आमचे कुजबुजे, सकाळपासून उपाशी. त्यांच्या डावीकडे त्यांची लेक, मांडीवर फुगलेली कापडी पिशवी. तीत एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, पाण्याची बाटली, शाल आणि ‘झाल्यावर लगेच खायला’ म्हणून बिस्किटांचा पुडा. उजवीकडे मी. तिघंही त्या लाल दिव्याकडे बघत बसलेले. आत दुसरं कुणीतरी होतं. ते बाहेर आलं की कुजबुज्यांची पाळी.

डॉक्टरांनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. उजव्या फुप्फुसात एक डाग आहे. एकटाच असेल तर कापून काढू, माणूस हिंडू-फिरू लागेल. पण तो शरीरात आणखी कुठे जाऊन बसला असेल, तर कापण्यात काही अर्थ नाही. साध्या एक्स-रेत ते कळत नाही, सीटी स्कॅनमध्ये कळतं. लेकीने त्यातलं ‘एकटाच असेल तर’ एवढंच घट्ट धरून ठेवलं होतं. घरातून निघाल्यापासून ती ते तऱ्हेतऱ्हेने म्हणत होती.

“खोकला तर कमी झालाय ना बाबा? एकटाच असेल तो.”

“त्याला विचारून बघतो,” कुजबुजे म्हणाले.

कुजबुजे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते आमचे प्रॉम्प्टर. पहिल्या विंगेत, पडद्याच्या घडीआड, बुटक्या स्टुलावर बसून, पत्र्याच्या टोपीखालच्या इवल्याशा दिव्यात संहिता धरून आम्हा नटांना विसरलेले शब्द पुरवणारा माणूस. हे नाव कुणी ठेवलं आता आठवत नाही. एकदा पडलं ते पडलंच. चहा आला की मॅनेजरसुद्धा “कुजबुजे, तुमचा कप” म्हणून हाक मारायचा, आणि नवीन आलेली नटी बिचारी पुढे कितीतरी दिवस त्यांना ‘कुजबुजेसाहेब’ म्हणत राहायची.

काम त्यांचं अंधारातलं, पण त्यात त्यांची शिस्त होती. सगळं वाक्य ते कधीच देत नसत.

“बाई,” ते मला म्हणायचे, “अख्खं वाक्य दिलं की नटाचा पोपट होतो. पहिला शब्द द्यायचा. बाकीचं त्याच्या पोटात असतंच, फक्त वर येत नसतं.”

याला अपवाद एकच, आमचे राजेसाहेब. ते कायम राजाच्या भूमिका करायचे आणि पाठांतर करणं राजाला शोभत नाही अशी त्यांची समजूत असावी. संध्याकाळी थोडी घेऊन यायचे. त्यांना कुजबुजे पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत सगळं पुरवायचे, खोकल्याच्या जागांसकट. एकदा पुढच्या रांगेतला एक म्हातारा प्रेक्षक भर प्रयोगात ओरडला, “अहो, आतला फार छान बोलतोय! त्यालाच बाहेर आणा की!” थिएटर कोसळलं हसून. राजेसाहेब रागाने लाल. आणि विंगेत कुजबुजे? ते खाली मान घालून पुढचा शब्द देत होते.

त्यांची एक सवय मात्र सगळ्या कंपनीला माहीत होती आणि त्यांना स्वतःला अजिबात माहीत नव्हती. ते सगळ्यांचे संवाद ओठांत म्हणायचे. कुणी विसरो न विसरो, नट तोंड उघडायच्या निमिषभर आधी विंगेत यांचे ओठ हललेले असायचे आणि त्यातून कुजबुजीपेक्षाही बारीक असा काहीतरी वारा निघायचा. आम्हाला त्या वाऱ्याचा केवढा आधार वाटायचा! विचारलं तर म्हणायचे, “छे, मी तर नुसता वाचत असतो.” त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हयात होत्या तेव्हा त्या माझ्याकडे तक्रार करायच्या.

“अहो, घरी मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीत. मी नुसतं ‘अहो’ म्हटलं की हे ‘दूध उतू गेलं’ म्हणून मोकळे.”

“मग गेलं होतं की नव्हतं?” कुजबुजे विचारायचे.

“गेलं होतं हो! पण सांगायचं मी होतं ना!”

वहिनी गेल्या. कंपनी बंद पडली. थिएटरच्या जागी काय आलं ते मी बघायला गेले नाही. कुजबुजे लेकीकडे राहायला आले, आणि हौशी मंडळींच्या छोट्या प्रयोगांना कुणी बोलावलं तर जायचे. अशाच एका प्रयोगात ते विंगेत खोकले. इतक्या वर्षांत प्रयोग चालू असताना हा माणूस कधी खोकला नव्हता. दाढेत लवंग धरायचे आणि खोकला गिळायचे. त्या दिवशी लवंगेने ऐकलं नाही. खोकता खोकता रुमाल तोंडावर धरला आणि नंतर तो रुमाल कुणाला दाखवला नाही. लेकीला तो धुण्यात सापडला.

तर असे कुजबुजे त्या बोळात बसले होते. जन्मात सिगारेट ओढली नाही.

“ओढल्या राजेसाहेबांनी,” ते हळूच म्हणाले, “आणि इथे रांगेत बसलोय मी. इथेही त्यांचा पाठ मीच म्हणायचा.”

“बाबा, पुरे,” लेक म्हणाली.

एक सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. त्यांचे प्रश्न ठरलेले होते आणि त्या ते खाली बघूनच विचारत होत्या.

“सकाळपासून काही खाल्लं?”

“नाही.”

“दमा?”

“नाही.”

“कशाची ॲलर्जी?”

“पाठांतर न करणाऱ्या नटांची.”

सिस्टरनी मान वर केली. “काका, औषधांची विचारतेय. शिरेतून एक डाय देणार आहोत. त्याने आतले अवयव उठून दिसतात. एखाद्याला त्याची पुरळ येते, म्हणून विचारायचं असतं.”

“मग नाही.”

“किडनीचा रिपोर्ट?” तो लेकीने पिशवीतून त्यांचा प्रश्न संपायच्या आत काढून दिला. बापाची मुलगी. “बरं,” सिस्टर म्हणाल्या. “आता अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. साखळी, पट्टा, चष्मा, आणि कवळी असेल तर कवळी.”

इथे मात्र कुजबुजे अडले. साखळी दिली, पट्टा दिला, चष्माही दिला. पण कवळीला तयार होईनात.

“कवळी काढली की शब्द नीट फुटत नाहीत हो.”

“आत काही बोलायचं नसतं काका. नुसतं पडून राहायचं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. माणसाने कवळी काढली की चेहरा एकदम आत पडतो. मेकअपमनला तासभर लागेल एवढं म्हातारपण एका क्षणात येतं. लेकीने ती रुमालात गुंडाळली आणि तो रुमाल पिशवीत न टाकता मुठीतच धरून ठेवला.

मग त्यांना पडद्याआड नेऊन गाऊन घातला. पाठीमागे दोन नाड्या, बाकी सगळं रामभरोसे. बाहेर आले ते दोन्ही हातांनी मागची बाजू आवळत.

“बाई, बघू नका.”

“मी तुम्हाला विंगेत याहून वाईट अवतारात पाहिलंय,” मी म्हटलं. “चला, एंट्री घ्या.”

कोपराच्या खोबणीत सुई टोचून तिथे एक छोटी नळी चिकटवून ठेवली. तेवढंच काय ते दुखलं. तेवढ्यात लाल दिवा विझला, दार उघडलं, आतून एक बाई चाकांच्या खुर्चीत बाहेर आली, आणि तिच्या मागोमाग स्कॅन काढणारी मुलगी. मुलगी म्हणजे माझ्या वयाने. तिशी उलटलेली असेल. केसांत पेन खोचलेलं, आवाज खणखणीत. मला ती एकदम आवडली. तिने कुजबुज्यांना दारातच उभं करून सगळं सांगितलं, म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

“हे बघा काका, बोगदाबिगदा काही नाहीये. एक मोठं कडं आहे, दोन्हीकडून उघडं. तुम्ही पलंगावर उताणे झोपायचं, हात डोक्यावर घ्यायचे. पलंग कड्यातून पुढे-मागे सरकेल, कडं घरघरेल. दुखणार काही नाही. मी काचेपलीकडे आहे. मला तुम्ही दिसता आणि तुमचं बोलणंही मला ऐकू येतं. रेकॉर्ड केलेला एक आवाज सांगेल, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. तसं करायचं. बस्स.”

“बस्स?”

“शेवटी डाय सोडीन. तेव्हा अंगातून गरम लाट जाईल, तोंडात लोखंडाची चव येईल आणि कपडे ओले झालेत असं वाटेल. झालेले नसतात. घाबरायचं नाही.”

“हे आधी सांगितलंत ते बरं केलंत,” बोळक्या तोंडाने कुजबुजे म्हणाले आणि आत गेले. लाल दिवा लागला.

आम्ही दोघी बसलो. लेक पाय हलवत होती, त्यामुळे मीही हलत होते.

“मावशी, एकटाच असेल ना गं?”

“असेल.”

“तू नुसतं म्हणतेयस.”

“मग काय करू?”

तिने रुमालाची मूठ उघडली, आत बघितलं, परत मिटली. लहानपणी ती विंगेत बापाच्या पायाशी झोपायची. प्रयोग संपला की तिला उचलून नेताना कुजबुजे तिच्याशी नेहमीच्या आवाजात बोलायचे, आणि तेव्हा आम्हाला दर वेळी नवल वाटायचं की अरे, या माणसाला आवाज आहे.

लाल दिवा विझला. फार लवकर विझला. दार उघडलं आणि ती स्कॅनवाली मुलगी एकटीच बाहेर आली.

“यांच्याबरोबर कोण? काकांना ऐकू नीट येतं ना?”

“चांगले तिखट कान आहेत त्यांचे,” मी म्हटलं. “का?”

“श्वासच रोखत नाहीत. डायच्या आधीचा साधा स्कॅन दोनदा घेतला. वरचं ठीक आलंय, पण खालचं सगळं हललंय, धुक्यातून बघितल्यासारखं. आता पुढचा भाग डायचा. ते परत परत देता येत नाही. ते अंगात फिरत असताना छाती हलली तर लिव्हरचं काही दिसणार नाही, आणि डॉक्टरांना नेमकं तेच बघायचंय. तुमच्यापैकी एक जण काचेच्या खोलीत या. ओळखीचं माणूस बोललं तर ऐकतील कदाचित.”

लेक उठली आणि परत बसली. “तू जा मावशी. मला नाही बघवणार.”

काचेपलीकडची ती खोली म्हणजे अगदी विंग. अंधार, समोर दोन पडदे, एक माइक, आणि काचेतून दिसणारा झगझगीत रंगमंच. त्यावर ते पांढरं कडं, आणि कड्यात डोक्यावर हात घेऊन पडलेले कुजबुजे. गाऊनमधून पोटऱ्या दिसत होत्या, काटक्यांसारख्या. इतक्या वर्षांत मी त्यांना उजेडात आणि स्वतःला अंधारात पहिल्यांदाच पाहिलं.

“बघा हं,” मुलगी म्हणाली आणि तिने बटण दाबलं. पलंग सरकला. स्पीकरमधून आधी नुसती खरखर आली, आणि त्या खरखरीत अगदी बारीक, बोळक्या तोंडाची कुजबुज:

“श्वास घ्या.”

मग यंत्रातल्या बाईचा तो गोड, कोरडा आवाज: “श्वास घ्या.”

परत कुजबुज: “रोखून धरा.”

मग यंत्र: “रोखून धरा.”

मुलीचा हात थांबला. “हे काय? यंत्राच्या आधी कोण बोलतंय?”

मला हसू फुटलं. “तेच बोलतायत,” मी म्हटलं. “नाटकात प्रॉम्प्टर होते. एकदा ऐकलं की पाठ. आता तिला शब्द पुरवतायत.”

“म्हणजे, माझं यंत्र वाक्य विसरेल म्हणून?”

“हो.”

ती बिचारी तोंडावर हात धरून हसली. मग माइकवर वाकली. “काका, तुम्ही बोलताय का आत?”

“मी? छे,” स्पीकरमधून उत्तर आलं. “गप्प पडलोय मुकाट्याने.”

ते खोटं बोलत नव्हते. मी माइक ओढला. “कुजबुजे, ओठ मिटा. तिला तिचं पाठ आहे.”

“बाई, तुम्ही आत कशा? बरं. मिटतो.”

मिटले. मुलीने पुन्हा बटण दाबलं. ओठ खरोखर मिटलेले होते, काचेतून दिसत होते. पण यंत्राने ‘रोखून धरा’ म्हणायच्या आधी छाती हलली आणि नाकातून तो वारा गेलाच. समोरच्या पडद्यावर बरगड्यांखाली पुन्हा तेच धुकं. मुलीने मान हलवली.

“शब्द नका देऊ त्यांना,” मी म्हटलं. “शब्द कानावर पडला की ते म्हणणारच. त्यांच्या हातात नाही ते. आवाज बंद करून काही करता येईल का?”

तिने केसांतलं पेन काढलं, परत खोचलं. “दिवे आहेत,” ती म्हणाली. “कड्यावरच आहेत. ऐकू न येणाऱ्या पेशंटसाठी. एक तोंडाचं चित्र हिरवं लागतं तेव्हा श्वास चालू, पिवळं लागलं की रोखायचा. विसरलेच होते मी, कुणाला लागत नाही कधी.”

ती आत गेली, त्यांच्या डोक्याशी उभी राहून तिने बोटाने दिवे दाखवले. बाहेर येऊन आवाज बंद केला. आता सगळं मूक. हिरवं चित्र लागलं. पिवळं लागलं. आणि कुजबुज्यांची छाती थांबली. अशी थांबली, की मीच घाबरले. स्पीकरमध्ये नुसती घरघर. मग हिरवं, आणि छाती पुन्हा हलली.

“अस्सं!” मुलगी म्हणाली. “आता डाय.”

तिने काहीतरी दाबलं आणि आत नळीतून ते औषध निघालं. कुजबुज्यांच्या पायांची बोटं आक्रसली, मग सैल पडली. पिवळा दिवा. पलंग कड्यातून सरकला. समोरच्या पडद्यावर एकामागून एक चित्रं उमटू लागली. लाकडाचा ओंडका आडवा कापत जावा आणि दर कापाची आतली नक्षी बघावी, तशी. मला त्यातलं काय कळणार? काळं, करडं, पांढरं. मी त्या चित्रांकडे बघणं सोडून मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होते. आयुष्यभर तोंडं वाचण्याचंच काम केलं. बोटाने ती चित्रं भराभर सरकवत होती. एका ठिकाणी बोट थांबलं. दोन चित्रं मागे गेली. परत पुढे आली.

“चांगला आला?” मी विचारलं.

“अगदी स्वच्छ आला,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

तो रिपोर्ट डॉक्टरच देतात, हे मला माहीत होतं.

बाहेर आल्यावर थोडा वेळ तिथेच बसवून ठेवतात. डायचा कुणाला त्रास झाला तर तो तेव्हाच कळतो. सुई अजून हातात होती. लेकीने आधी कवळी दिली, मग बिस्किटं, मग पाणी, आणि मग आणखी पाणी, कारण डाय बाहेर जायला खूप पाणी प्यायला सांगितलं होतं. तोंड भरल्यावर कुजबुज्यांना वाचा फुटली.

“बाई, त्या मुलीने सांगितलं तस्संच झालं. टाळूपासून तळव्यापर्यंत गरम लाट. तोंडात खिळा धरल्यासारखं. आणि ते तिसरंही.”

“कोणतं तिसरं?”

“कपड्यांचं. पलंग थांबल्यावर मी हळूच चाचपून बघितलं.”

“बाबा!”

“कोरडे होते. सांगून ठेवलेलं बरं असतं.”

“तुम्ही यंत्राला प्रॉम्प्ट देत होतात,” मी म्हटलं.

त्यांना ते पटेना. आधी नाहीच म्हणाले. मग विचारात पडले, बिस्किट हातातच राहिलं. “श्वास घ्या आणि रोखून धरा, या दोन्हींत तिने फार मोठी जागा घेतली हो,” ते शेवटी म्हणाले. “मला वाटलं, विसरली.”

आम्ही तिघं हसलो. ती सगळी लोखंडी रांग हलली. आणि मी हसताना मनात त्या थांबलेल्या बोटाकडे बघत होते.

“पण नंतर चांगला आला ना गं मावशी?” लेकीने विचारलं.

“स्वच्छ आला,” मी म्हटलं. ते खरंच होतं. तिचा चेहरा उजळला, आणि मला तो बघवेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत तिघंही होतो. डॉक्टर भला माणूस. त्याने पडदा आमच्याकडे वळवला, पेनाने दाखवलं. हा फुप्फुसातला. आणि हे लिव्हरमधले. कापण्याचा प्रश्न मिटला होता.

“पण डॉक्टर, बाबांचा स्कॅन हलला होता,” लेक म्हणाली. “दोनदा. ती स्कॅनवाली म्हणत होती ना, धुकं आलंय म्हणून. त्यामुळेही तसे डाग दिसत असतील.”

“तो हललेला वेगळा. हा अगदी स्पष्ट आहे.”

“म्हणजे कापायचं नाही,” कुजबुजे म्हणाले.

“नाही काका. औषधं सुरू करू. त्याने आटोक्यात राहील. काही...” डॉक्टर थांबले. टेबलावरचा पेपरवेट सरकवला. पुढचा शब्द त्यांना माहीत होता, पण तो वर येत नव्हता. आमच्या पेशात त्या शांततेला फार भितात. कुजबुजे किंचित पुढे वाकले आणि अगदी हळू, फक्त समोरच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले:

“महिने.”

“काही महिने,” डॉक्टर म्हणाले.

जिन्यात लेक माझ्यावर उसळली. बाप दोन पायऱ्या पुढे, कठडा धरून उतरत होता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिने आवाज दाबला होता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

“धुकं होतं तेच बरं होतं. कशाला गेलीस तू आत? नसतं आलं स्वच्छ, तर निदान...”

“निदान काय?”

तिने माझा हात धरला आणि मग सोडलाच नाही. खाली पोचलो तेव्हा कुजबुजे फाटकाशी उभे होते. “काय गं, भांडून झालं का? मग चला, भूक लागली आहे,” म्हणाले.

औषधांनी केस गेले, भूक गेली, पायांतलं बळ गेलं. मधे डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन काढायला सांगितला, डाग आकसतायत का बघायला. त्या वेळी ती पेन खोचलेली मुलगीच होती. तिने कुजबुज्यांना ओळखलं. “काका, आज माझी मशीन चोख पाठ करून आली आहे,” म्हणाली, आणि न विचारता आवाज बंद करून दिवे लावले. श्वास रोखणं मात्र आता त्यांना मुळीच जमत नव्हतं. तिने कितीदातरी थांबत थांबत, दम खाऊ देत घेतला. पलंगावरून उतरवताना त्यांना स्वतः धरून आणलं. डाग आकसले नव्हते.

त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. खिडकीपाशी त्यांची कॉट. मी जमेल तेव्हा जायची, जुन्या गोष्टी काढायची. एखादा प्रसंग सांगताना मी मुद्दाम अडखळायची. सुरुवातीला पहिला शब्द मिळायचा. पुढे पुढे ते नुसतं बघायचे, आणि मला माझं वाक्य माझं मलाच पुरं करावं लागायचं.

लेकीने रजा घेतली होती. औषधं, पाणी, कूस बदलणं, सगळं ती न बोलता करायची. पण रिकामी झाली की ती त्या फिल्म्स काढायची. पहिल्या स्कॅनच्या आणि दुसऱ्या. एका हातात ही, एका हातात ती, खिडकीच्या उजेडावर धरायची आणि चौकोनामागून चौकोन ताडून बघायची. डॉक्टरांनी वाचून सांगितलेलं तिला पुरत नव्हतं. मी गेले की मलाही बघायला लावायची.

त्या दुपारी मी गेले तेव्हा ती तशीच उभी होती, कॉटकडे पाठ करून, दोन्ही हात वर. कुजबुजे डोळे मिटून पडलेले. बरेच दिवस त्यांचं बोलणं हं आणि नाही यापलीकडे गेलं नव्हतं.

“मावशी, हा बघ. हा खालचा. आधीच्यापेक्षा जरा लहान वाटतो ना? डॉक्टरांना म्हणते, आणखी एकदा काढू या. म्हणजे नक्की कळेल.”

मी काही म्हणायच्या आत कॉटवरून आवाज आला. कुजबुज नव्हे, खोल गेलेला, फाटलेला, पण नेहमीच्या बोलण्याचा आवाज. आम्ही दोघी एकदम वळलो. डोळे उघडे होते आणि तिच्यावर होते. संध्याकाळी ते गेले, आणि मधल्या वेळात पुन्हा काही बोलले नाहीत. बोलले ते एवढंच:

“पुरे झाले गं ते फोटो. तुला मलाच बघायचंय ना? मग इकडे बघ की.”